बंद घर, तापलेली भिंत : बिनतारी मोशन सेन्सर समजून घेताना

प्रस्तावना

जळगाव किंवा धुळ्याच्या वर्तमानपत्रांत उन्हाळ्यात घरफोडीची बातमी जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. कुटुंब लग्नाला गेलेले, दाराचा कडी-कोयंडा तोडलेला, कपाटातला ऐवज लंपास. दुसरी बातमीही दर उन्हाळ्यात वाचायला मिळते. उकाड्यामुळे घरातली माणसे गच्चीवर झोपायला गेली, खालचे दार कुलूपबंद होते, सकाळी खाली उतरल्यावर चोरी लक्षात आली. दोन्ही बातम्यांत खालचे घर रिकामे असते आणि ते रिकामे असण्यामागे उन्हाळाच असतो. या पुस्तकाचा विषय असलेला बिनतारी मोशन सेन्सर नेमका याच उन्हाळ्यात सर्वांत दुबळा पडतो. ही गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक घरमालकाने आणि अशी यंत्रे बसवणाऱ्या प्रत्येक वायरमनने नीट समजून घ्यावी, या एका आग्रहातून हे पुस्तक लिहिले आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात मोठ्या सणांपैकी एक. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. त्याच सुमारास शाळांना सुट्ट्या लागतात आणि लग्नसराई भरात असते. लग्नासाठी लॉकरमधून काढलेले दागिने परत ठेवायचे राहून जातात आणि चार-आठ दिवस घरच्याच कपाटात असतात. जळगावचा सराफ बाजार सोन्याच्या शुद्धतेसाठी नावाजलेला आहे. इथल्या मध्यमवर्गीय घराची आयुष्यभराची बचत पुष्कळदा सोन्याच्याच रूपात असते. कूलर बसवण्यासाठी खिडकीचे गज कापलेले असतात. घर बंद, सोने घरात, खिडकी कमजोर आणि हवेचा पारा ४४-४५ अंशांवर असा सगळा मेळ एप्रिल-मे महिन्यांत जमतो. बाजारात मिळणाऱ्या सेन्सरच्या माहितीपत्रकात मात्र 'रेंज १२ मीटर' असा एकच आकडा छापलेला असतो. तो आकडा बहुधा पंचवीस अंशांच्या आसपासच्या, सुखद हवेच्या खोलीतला असतो.

सेन्सरला चोर दिसत नाही, चेहरा दिसत नाही, हालचालही जशी आपल्याला दिसते तशी दिसत नाही. त्याला फक्त उष्णतेतला फरक कळतो, आणि तोही बदलता फरक. पुढे येणारे भौतिकशास्त्र, रेडिओ, बॅटरी आणि बसवण्याचे नियम हे सगळे याच एका वाक्याचा विस्तार आहेत.

पहिला धागा १८०० सालचा आहे. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. न दिसणाऱ्या त्या किरणांना आपण अवरक्त किंवा इन्फ्रारेड म्हणतो. उष्णता असलेली प्रत्येक वस्तू असे किरण बाहेर टाकते, मग ती चूल असो, भिंत असो की माणूस. वस्तू जितकी गरम, तितके किरण जास्त आणि त्यांची लांबी कमी. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३२ ते ३५ अंश असते. या तापमानाला सर्वाधिक किरण ९ ते १० मायक्रोमीटर लांबीचे निघतात. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपण अंधारातही या किरणांनी उजळलेलेच असतो, फक्त आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. म्हणूनच या सेन्सरला दिवा लागत नाही. घरफोडी दिवसाची की रात्रीची, हा भेद कायदा करतो. भारतीय न्याय संहितेतही सूर्यास्तानंतरच्या घरफोडीला जास्त शिक्षा आहे. सेन्सरला मात्र दोन्ही वेळा सारख्याच.

दुसरा धागा एका खड्याचा आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून तुरमलीन नावाचे खडे युरोपात नेले. तापवलेला तुरमलीन राखेचे कण स्वतःकडे ओढून घेतो, हे तिथल्या लोकांच्या लक्षात आले. तापमान बदलले की अशा स्फटिकाच्या दोन टोकांवर विद्युतभार तयार होतो. इथे 'बदलले की' हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्फटिक कितीही गरम असला तरी तापमान स्थिर राहिले की भार हळूहळू ओसरतो. बदल झाला तरच तो बोलतो. आजच्या सेन्सरमध्ये तुरमलीन नसतो, लिथियम टँटलेट किंवा विशिष्ट सिरॅमिकची चकती असते, पण गुण तोच. भिंतीवर बसवलेला हा सेन्सर स्वतः कोणताही किरण सोडत नाही. खोलीतून येणारे किरण तो फक्त घेतो, म्हणून त्याला 'पॅसिव्ह इन्फ्रारेड' किंवा थोडक्यात पीआयआर म्हणतात.

सेन्सरचे पांढरे झाकण उघडले की आत एक छोटा धातूचा डबा दिसतो. त्याच्या खिडकीवर सिलिकॉनची काच असते. ती साधारण ५ ते १४ मायक्रोमीटरचे किरणच आत सोडते, बल्बचा उजेड आणि सूर्यप्रकाशाचा बहुतांश भाग बाहेरच राहतो. त्या खिडकीमागे मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या दोन चकत्या शेजारी-शेजारी असतात आणि त्यांची जोडणी उलटसुलट केलेली असते. सराफाच्या तराजूत दोन्ही पारड्यांत सारखे वजन टाकले तर काटा हलत नाही, तसेच दोन्ही चकत्यांवर सारखी उष्णता पडली तर बाहेर काहीच संकेत येत नाही. सकाळी खोली हळूहळू तापते, संध्याकाळी निवते, तेव्हा दोन्ही चकत्या बरोबरीने बदलतात आणि सेन्सर शांत राहतो. एका चकतीवर आधी आणि दुसरीवर नंतर उष्णता पडली तरच काटा एकदा इकडे आणि मग तिकडे झुकतो. माणूस चालत जातो तेव्हा हेच घडते.

तो संकेत कसा घडतो, ते पुढच्या वक्र पांढऱ्या झाकणात दडलेले आहे. ते साधे प्लॅस्टिक नसते. ते पॉलिएथिलीनचे असते, कारण काचेतून हे लांब किरण पार होत नाहीत, पॉलिएथिलीनमधून होतात. त्यावर बारीक वर्तुळाकार खाचांची अनेक छोटी भिंगे कोरलेली असतात. हे भिंग ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते. त्याने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी असे पातळ भिंग तयार केले. तिथे ते दिव्याचा उजेड दूर समुद्रावर फेकत असे, इथे ते उलटे काम करते आणि दूरची उष्णता चकतीवर गोळा करते. प्रत्येक छोट्या भिंगाला खोलीचा एक अरुंद पट्टा दिसतो. दोन पट्ट्यांमध्ये न दिसणारी जागा असते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो तेव्हा चकत्यांवर उष्णतेची उघडझाप होते. सर्किट ही उघडझाप हजारो पटींनी वाढवते, माणसाच्या चालीइतक्या वेगाचीच ती आहे का हे पाहते आणि दोन-तीन स्पंदने सापडली की मगच 'हालचाल' असा निष्कर्ष काढते.

बसवण्याचा सर्वांत महत्त्वाचा नियम यातूनच निघतो. माणूस पट्टे ओलांडून आडवा गेला तर सेन्सर त्याला लगेच पकडतो, पण थेट सेन्सरच्या दिशेने चालत आला तर तो बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो आणि उशिरा सापडतो. म्हणून सेन्सर दाराच्या अगदी समोर लावू नये. दारातून आत येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल अशा कोपऱ्यात, जमिनीपासून सात ते आठ फुटांवर लावावा. 'दारावर नजर राहावी' म्हणून दाराच्या बरोबर समोर सेन्सर लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि ती या तत्त्वाच्या उलट आहे.

खानदेशच्या उन्हाचा हिशेब इथून सुरू होतो. स्टीफन आणि बोल्ट्झमन यांच्या नियमाने किती किरण निघतात ते मोजता येते. भिंत २४ अंशांवर असेल आणि त्वचा ३३ अंशांवर, तर माणूस भिंतीपेक्षा दर चौरस मीटरमागे सुमारे ५६ वॅट जास्त किरण सोडतो. आता मे महिन्यातली बंद खोली घ्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता सोडत असतो. भिंत ३२ अंशांवर आणि त्वचा ३४ वर असेल तर हाच फरक १३ वॅटवर येतो, म्हणजे पाव हिश्श्यापेक्षाही कमी. भिंत ३४-३५ वर गेली की फरक जवळजवळ संपतो. दुपारी त्याहूनही वर गेली तर तराजू उलटतो. घाम आलेला माणूस भिंतीपेक्षा थंड ठरतो आणि सेन्सरला तो उष्ण ठिपका म्हणून नव्हे, तर थंड ठिपका म्हणून दिसतो. मधला काही काळ असा असतो की माणूस भिंतीत जणू मिसळून जातो. सेन्सर बिघडलेला नसतो, बॅटरी संपलेली नसते, मोजण्यासाठी फरकच शिल्लक नसतो.

चांगल्या सेन्सरमध्ये यावर उपाय असतो, त्याला तापमान भरपाई म्हणतात. आतला छोटा थर्मिस्टर खोलीचे तापमान पाहतो आणि ते त्वचेच्या तापमानाजवळ येऊ लागले की सर्किटची संवेदनशीलता वाढवतो. काही सेन्सर पारा त्याहूनही वर गेल्यावर ती पुन्हा कमी करतात, कारण तेव्हा फरक उलट्या बाजूने वाढू लागलेला असतो. स्वस्त सेन्सरमध्ये ही सोय नसते किंवा नावापुरती असते. पुण्यात किंवा नाशकात हे एक वेळ चालून जाईल. भुसावळ, जळगाव, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात चालणार नाही. सेन्सर घेताना दुकानदाराला रेंज विचारण्याआधी 'टेम्परेचर कॉम्पेन्सेशन आहे का' हे विचारा. उन्हाळ्यात छतालगत, पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीवर तापमान पन्नास अंशांकडे झुकते, आणि बऱ्याच सेन्सरांची काम करण्याची वरची मर्यादा त्याच आसपास असते. म्हणून तापणाऱ्या भिंतीवर सेन्सर लावू नये, सावलीतल्या आतल्या भिंतीवर लावावा.

हिवाळ्यात चित्र पूर्ण उलटे असते. कडाक्याच्या थंडीत राज्यातल्या नीचांकी तापमानात निफाडच्या बरोबरीने धुळ्याचे नाव येते, आणि तिथे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. थंड भिंतीसमोर माणूस ठळक उठून दिसतो, पण मांजरही दिसते आणि उंदीरही. जानेवारीत तपासून समाधान मानलेला सेन्सर मे महिन्यात मुका होऊ शकतो, आणि मे महिन्यात संवेदनशीलता वाढवून ठेवलेला सेन्सर जानेवारीत उगाच सायरन वाजवतो. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठाणी. हद्दी वेगळ्या झाल्या तरी टोकाचा उन्हाळा आणि टोकाचा हिवाळा दोघांच्याही वाट्याला आला. एका वर्षात सुमारे चाळीस अंशांचा फरक सोसणाऱ्या घरांसाठी यंत्र निवडताना हा फरक हाच पहिला निकष हवा.

खोटा सायरन ही लहान तक्रार नव्हे. चार वेळा विनाकारण वाजला की शेजारी लक्ष देणे सोडतात आणि घरमालक यंत्रणा बंद करून ठेवतो. खानदेशातल्या घरांत याची कारणेही इथलीच आहेत. पहिले कारण कूलर. वीज गेलेली असताना बटण तसेच राहिले आणि कुटुंब बाहेर पडले, तर वीज आल्यावर बंद घरात कूलर आपोआप सुरू होतो. ओली थंड हवा पडदे हलवते, तापलेल्या भिंतीवर थंड झोत येतो आणि सेन्सरला हवा असलेला बदलता फरक तयार होतो. दुसरे कारण पाल. पाल थंड रक्ताची असली तरी भिंगावरूनच फिरली तर तिची सावली सगळे पट्टे झाकते. भिंगाच्या मागे मुंग्या किंवा किडे शिरले तरी तसेच. म्हणून वायर न लागणाऱ्या सेन्सरमधलीही सगळी भोके सिलिकॉनने बंद करावीत. तिसरे कारण ऊन. खिडकीच्या काचेतून लांब इन्फ्रारेड किरण आत येत नाहीत, पण दुपारचे ऊन फरशीवर पडले की फरशी तापते, ढग आला की निवते, आणि हा चढउतार सेन्सरला कळतो. 'पेट इम्यून' म्हणून मिळणाऱ्या सेन्सरात खालचे पट्टे गाळलेले असतात, म्हणून जमिनीवरचे मांजर सुटते. तेच मांजर माळ्यावर किंवा कपाटावर चढले की सुटत नाही.

उन्हाळ्यातल्या दुबळेपणावर आणखी एक उपाय आहे, तो डॉप्लर तत्त्वाचा. क्रिस्टियन डॉप्लर याने १८४२ मध्ये मांडले की स्रोत किंवा ऐकणारा हलत असेल तर लहरींची वारंवारता बदलते. मायक्रोवेव्ह सेन्सर सुमारे १०.५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी खोलीत सोडतो आणि परत आलेल्या लहरी तपासतो. सेकंदाला एक मीटर वेगाने चालणारा माणूस त्या लहरींत सुमारे ७० हर्ट्‌झचा फरक पाडतो. भिंत किती तापली आहे याच्याशी या मोजणीचा संबंध नाही. पण या लहरी लाकडी दारातून, पातळ भिंतीतून पलीकडे जातात आणि गल्लीतून जाणारा माणूसही टिपतात. म्हणून पीआयआर आणि मायक्रोवेव्ह एकाच डब्यात घालून दोघांनीही 'हो' म्हटले तरच सायरन वाजवणारे सेन्सर तयार झाले. खोट्या सायरनवर हा उत्तम उपाय आहे. मात्र एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. मे महिन्यात पीआयआर गप्प बसला तर मायक्रोवेव्हने एकट्याने 'हो' म्हणून भागत नाही. दोघांचा कौल लागणाऱ्या सेन्सरातही तापमान भरपाई हवीच, आणि बंद घराच्या दारा-खिडक्यांना चुंबकाचा संपर्क सेन्सर जोडीला हवाच. दार उघडले की चुंबक दूर जातो आणि आतला स्विच सुटतो. उन्हाळा असो की हिवाळा, त्याला फरक पडत नाही. विजेवर चालणारा घरफोडीचा इशारा पहिल्यांदा अशाच दारा-खिडकीच्या संपर्कावर उभा राहिला. अमेरिकेत बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप याने त्याचे पेटंट १८५३ साली घेतले. त्याच वर्षी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली होती.

'हालचाल झाली' हे सेन्सरला कळले, आता ते पॅनेलला, म्हणजे सायरन वाजवणाऱ्या आणि फोन करणाऱ्या मुख्य डब्याला, कळवायचे. इथे बिनतारीचा भाग येतो. भारतात या कल्पनेचा मोठा वारसा आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींच्या पलीकडे रेडिओ लहरी पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली होती. तारेशिवाय, भिंत ओलांडून घंटा वाजवणे हेच काम आज आपल्या दिवाणखान्यातला सेन्सर करतो. त्याचा संदेश अगदी छोटा असतो : माझा क्रमांक हा, हालचाल झाली, बॅटरी ठीक आहे. हा संदेश सेकंदाच्या छोट्या अंशात जातो आणि खात्रीसाठी काही वेळा पुन्हा पाठवला जातो.

बाजारातली बरीच उपकरणे ४३३ मेगाहर्ट्‌झवर चालतात. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टाही २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे. ४३३ मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ६९ सेंटिमीटर लांब असते, म्हणून तिचा पाव लांबीचा अँटेना १७ सेंटिमीटरच्या आसपास असतो. पॅनेलचा अँटेना दुमडून डब्यात कोंबला किंवा लोखंडी कपाटाला चिकटवून ठेवला की रेंज लगेच घटते. माहितीपत्रकातला 'शंभर मीटर' हा आकडा मोकळ्या मैदानाचा असतो. घरातल्या भिंती तो खातात, आणि प्रत्येक भिंत वेगळी खाते. जुन्या धाब्याच्या घरातल्या जाड मातीच्या भिंती, वाड्याच्या दगडी भिंती, नव्या घरातला सळयांचा स्लॅब, शेडचा पत्रा, सगळ्यांचा हिशेब निराळा. पत्रा तर लहर पार जाऊच देत नाही, परतवून लावतो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतला सेन्सर खालच्या पॅनेलपर्यंत पोचेलच असे गृहीत धरू नये.

बिनतारीच्या सोयीबरोबर दोन प्रश्न येतात. पहिला संकेताचा. स्वस्त संचांत प्रत्येक उपकरणाचा कायमचा एकच संकेत असतो. रिमोटने यंत्रणा बंद करतानाचा असा संकेत कोणी टिपून पुन्हा पाठवला तर पॅनेल फसते. प्रत्येक वेळी बदलणारा संकेत वापरणारे संच हा धोका टाळतात. दुसरा प्रश्न शांततेचा. सेन्सर एकतर्फी असेल आणि त्याची बॅटरी संपली किंवा तो भिंतीवरून पडला, तर पॅनेलला ते कळतच नाही. त्याच्या दृष्टीने शांतता म्हणजे सगळे ठीक. चांगले सेन्सर ठरावीक वेळाने 'मी आहे' असा संदेश पाठवत राहतात. तो आला नाही तर पॅनेल घरमालकाला कळवते. महिनाभर बंद राहणाऱ्या घराला हा गुण रेंजपेक्षाही मोलाचा आहे.

बॅटरीची काटकसर हा या उपकरणाच्या रचनेचा कणा आहे. पहारा देताना सेन्सर काही मायक्रोअँपिअर वीज घेतो, संदेश पाठवताना त्याच्या शेकडो-हजारो पट. म्हणून बरेच सेन्सर एकदा संदेश पाठवल्यावर दोन-तीन मिनिटे झोपतात आणि त्या काळात समोरून कोणी गेले तरी बोलत नाहीत. तपासणी करताना हे माहीत नसेल तर चांगला सेन्सरही बिघडलेला वाटतो. साधे सेल उन्हाळ्यात लवकर उतरतात आणि गळतात, म्हणून उष्ण भागात लिथियम बॅटरी घ्यावी आणि आखाजीच्या आधी, वर्षातून एकदा, बदलून टाकावी. पॅनेलच्या आतली बॅटरीही तपासावी. वीज जाण्याच्या काळात पॅनेल तिच्यावरच उभे असते. फोन करणाऱ्या पॅनेलचे सिम पुष्कळदा विसरले जाते. रिचार्जची मुदत संपली तर सायरन वाजेल, पण तुमचा फोन वाजणार नाही. जुन्या धाटणीची पॅनेले २जी जाळ्यावर चालतात, २जी जाळे नसलेल्या कंपनीचे सिम त्यांत चालत नाही.

फोन वाजला, त्यापुढे काय? पुण्याच्या लग्नमांडवात उभा असलेला माणूस जळगावच्या घरी लगेच पोचू शकत नाही. कोणीतरी जवळचा पोचावा लागतो. खानदेशात पहाऱ्याची परंपरा जुनी आहे. गावात जागल्या होता आणि गावातली ये-जा त्याच्या नजरेत असे. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल बसला, तेव्हा सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरातले मार्ग त्यांच्या फौजेला उलगडेनात. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, ती याच मुलखातल्या, इथल्या वाटा जाणणाऱ्या तरुणांमधून. पहारा नेहमीच त्या जागेची खूण जाणणाऱ्याकडे जातो. आजही पोलीस पाटील, गावातली ग्राम सुरक्षा दले, गल्लीत रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा आणि शेजारच्या काकू हीच इशाऱ्याला हात देणारी माणसे आहेत. सेन्सर लावला म्हणून शेजाऱ्याला सांगणे सोडायचे नाही. उलट सेन्सर लावला की शेजाऱ्याचा क्रमांक पॅनेलमध्ये टाकायचा, सायरन वाजला तर एकट्याने आत शिरू नका हे त्यांना समजावून सांगायचे आणि ११२ वर फोन कोणी करायचा हे आधी ठरवायचे.

या पुस्तकाचे पहिले दोन भाग सेन्सरच्या आतल्या भौतिकशास्त्राचे आणि सर्किटचे आहेत. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडतील अशी आशा आहे. तिसरा भाग इथल्या घरांचा : धाब्याचे घर, वाडा, चाळ, रो-हाउस, शेतातले घर आणि गोडाऊन, प्रत्येकात सेन्सर कुठे लावावा आणि कुठे लावू नये. चौथा भाग रेडिओचा आणि बॅटरीचा. शेवटचा भाग वर्षभराच्या निगेचा आहे, आणि तो मराठी महिन्यांनुसार मांडला आहे, कारण इथले ऊन, पाऊस आणि सण यांचा ताळमेळ त्यातच नीट लागतो. गणित शक्य तिथे साध्या बेरजा-वजाबाक्यांवर आणले आहे. जिथे ते टाळता आले नाही तिथे आकडा कुठून आला हे सांगितले आहे, म्हणजे वाचकाला तो स्वतः तपासता येईल.

वाचकाकडून माझी एकच अपेक्षा आहे. यंत्र विकत घेतले म्हणजे घर सुरक्षित झाले असे मानू नका. चैत्र सरत आला की भर दुपारी, कूलर बंद करून, दारे-खिडक्या लावून घर तासभर तापू द्या. मग यंत्रणा चालू करा आणि चोर येईल त्या वाटेने, खिडकीपासून कपाटापर्यंत, स्वतः चालत जा. मधे तीन मिनिटे थांबून पुन्हा जा. सायरन वाजला तर निश्चिंत मनाने लग्नाला निघा. नाही वाजला, तर सेन्सरची जागा बदला, तापमान भरपाईचा सेन्सर घ्या, दाराला चुंबकाचा संपर्क जोडा आणि पुन्हा चालून पाहा. सेन्सरच्या डोळ्यांना काय दिसते आणि काय दिसत नाही हे ज्याने स्वतः चालून पाहिले आहे, त्याच्याच घरात सेन्सर खरा पहारा देतो.